भिमाच्या पोटातलं तूप

यात्रेला पंधरा दिवस उरले आणि भिमाचं वजन भरलं ब्याऐंशी किलो, तेही कांद्याच्या काट्यावर, चारचौघांत. यात्रेतल्या शर्यतीत गावच्या सुभाषच्या बैलगाड्यापुढं घोडी पळवायची तर स्वार सत्तरच्या आत हवा, नाहीतर घोडी मागं पडते आणि बैल अंगावर येतात. घोडी भिमाची आणि तिच्यावर बसणार दुसराच कुणीतरी, या विचारानं त्याला भाकर गोड लागेना. तरी चार-पाच खायचा.

त्याची लेक प्रांजल फार्मसी शिकते. तिनं सांगितलं की अंगातली चरबी सगळी सारखी सुटत नाही. जवसाच्या तेलासारखी पातळ चरबी जरा लवकर बाहेर पडते, तुपाची घट्ट चरबी रेंगाळते. फरक थोडाच असतो आणि खाणं कमी केल्याशिवाय कुठलीच हलत नाही, हेही ती सांगत होती. पण तोवर भिमा उठून स्वयंपाकघरात गेला होता.

लवकर जाणारी चरबीच भरायची, म्हणजे झटक्यात रिकामं व्हायचं, असं त्याचं डोकं चाललं. जवसाची चटणी वाटीनं, वर तेलाची धार. त्याची आई गजराबाई तुपाचा गडवा घेऊन आली की हा ताटावर हात आडवा धरी. म्हातारीला ते फार लागे. तरुणपणी घोडं घेऊन मेंढरांमागं कोकणापर्यंत फिरलेली ही बाई, लेकाला तिनं तुपावरच वाढवलं होतं.

यात्रेच्या सकाळी काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. सुभाषनं तोंड फिरवलं. दुसरा स्वार शोधायला वेळ नव्हता. भिमा रडायच्या बेतात काट्यावरच बसून राहिला.

“सरक,” गजराबाई म्हणाली आणि स्वतः चढली. बेचाळीस किलो.

“आये, तू बसणार?”

“मेंढरं व्हती तवा घोडं काय तुझा बाप हाकीत व्हता?”

म्हातारीनं काष्टा खोचला. शर्यतीच्या घाटात सुभाषच्या गाड्याची बारी सुटली आणि बैल शेवटपर्यंत तिच्या घोडीला गाठू शकले नाहीत. पहिला नंबर. ओरडून ओरडून भिमाचा घसा बसला.

“आजीच्या अंगात जरा बी तूप कसं नाय गं?” त्यानं प्रांजलला विचारलं.

“ती खाते कवा? समदं तुमच्याच ताटात.”

दुपारी पुरणपोळीला भिमानं गडवा स्वतः उचलला आणि जन्मात पहिल्यांदा आईच्या ताटावर धरला. म्हातारीनं हात आडवा घातला.

“नगं. पुढच्या साली बी मलाच बसायचंय.”