वाढत्या मापाची टोपी

माझ्या हातचा कपडा आजवर कुणाला घट्ट झाला नाही. चौथीत शाळा सुटली तशी मी मामीच्या मशीनपाशी बसले, ती आज पन्नास वर्षं बसलेय. लहान मुलांचे कपडे हे आमचं मुख्य काम. पोराचं माप घ्यायचं, त्यात दोन बोटं वाढवायची, शिवणीत माया सोडायची, खाली दुहेरी दुमड घालायची. वाढतं अंग असतं, वर्षभर तरी चाललं पाहिजे. ही सवय घरात इतकी मुरलीय की आमच्याकडे कुणीही कुणासाठी काहीही आणलं तरी एक नंबर मोठंच आणतं. मुलाने लग्नाआधी होणाऱ्या बायकोला बूट आणले, तेसुद्धा मोठे. ती पुढे कापूस कोंबून हिंडली, आणि सत्ताविसाव्या वर्षी माझे पाय किती वाढणार आहेत, एवढंच तिने विचारलं.

ही माझी सून. ग्रंथालयात काम करते. बोलते कमी, पण बोलली की टाचणी टोचल्यासारखं.

तिला मुलगी झाली. तोंड एवढंसं, गोल, सदा मिटलेलं, म्हणून मी तिचं नाव बटण ठेवलं. आता हे बटण काही केल्या आईला लागेना. सुनेची बोंडं सपाट. पोरगी तोंड मारायची, पकड सुटायची, पुन्हा मारायची, सुटायची, मग लालबुंद होऊन किंचाळायची. दूध भरपूर होतं, छाती दगडासारखी झालेली. भांडं भरलेलं आणि झाकण निघत नाही, अशी गत.

दवाखान्यात अंगावर पाजायला शिकवणारी एक बाई होती. मी तिला दुधाची मास्तरीण म्हणायची. तिने बाळाला आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं, काखेत धरून पाहिलं. मग कप्प्यातून एक पातळ, पारदर्शक टोपी काढली. मधे उंचवटा, भोवती पसरट कड.

"निपल शिल्ड म्हणतात याला. थोडे दिवस लावू. बाळाला धरायला काहीतरी मिळेल."

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," मी म्हटलं.

"मग तुम्ही काय करायचा, आजी?"

"काय करायचं? लागायची मुलं."

"आणि जी लागायची नाहीत ती?"

मी पिशवीचा बंद नीट केला.

मास्तरणीने गोल गोल भोकांची एक पट्टी सुनेच्या बोंडाला लावून पाहिली, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि नवी टोपी बाहेरून आणायला सांगितली. निघताना म्हणाली, "शनिवारी वजन करू. टोपी लावली म्हणजे काम झालं असं नाही, दूध पोटात जातंय का ते महत्त्वाचं. लंगोट किती ओले होतात ते मोजा. आणि काही बिनसलं तर शनिवारची वाट बघू नका, मला फोन करा."

औषधाच्या दुकानात मीच गेले. दुकानदाराने चिठ्ठी वाचून डबी पुढे केली. मला ती टोपी शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानापेक्षा जराशीच मोठी दिसली. शेजारी मोठ्या मापाची होती.

"ही द्या."

"चिठ्ठीवर लहान लिहिलंय, आजी."

"लहान पोराचं अंग किती दिवस लहान राहतं? महिन्याने परत दुसरी घ्यायला येऊ?"

"हे बाळाच्या अंगावर—"

"तुम्ही द्या हो."

घरी आले, डबी फेकली, टोपी उकळली आणि झाकणाच्या वाटीत घालून सुनेपुढे ठेवली. यात लपवण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलंही नाही.

पहिल्या दिवशी आशा वाटली. सुनेने शिकवल्याप्रमाणे टोपी कोमट पाण्यात बुडवली, कड अर्धी उलटी केली, छातीवर बसवली. बटणाने तोंड उघडलं, धरलंही. पण दोनचार वेळा चोखलं की तिला उमासा यायचा. मग तोंड काढून रडायची. फिरून धरायची, चुटूकचुटूक आवाज करायची आणि दमून झोपायची. अर्ध्या तासात भूक लागली म्हणून परत जागी. सून पंपाने दूध काढून चमच्याने पाजायची, त्यावर पोरगी तगून होती. रोज सकाळी मी लंगोट मोजायची. कोरडेच जास्त.

"टोपीतून कुणी जेवतं का कधी," मी तिसऱ्या दिवशी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण माझी जीभ कात्रीच्या आधी चालते.

सून पंपाची बाटली पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "वरचं दूध द्यावं लागलं तर देऊ, आई. ती उपाशी राहायला नको. पण बाईंनी सगळं दिलं, सगळं सांगितलं, मी सगळं तसंच केलं. मग उरलं काय? माझ्यातच खोट आहे."

फोन करू या असं मी म्हणायला हवं होतं. पण सुनेने आधीच सांगितलं होतं, शनिवारपर्यंत धीर धरते.

गुरुवारी दुपारी ती अंघोळीला गेली. टोपी धुवायचं काम माझं. रोज धुवायची, पण नीट पाहिली नव्हती. त्या दिवशी उजेडात धरली. पुढे चार बारीक भोकं. कडेला एका बाजूचा तुकडा कापून घेतलेला. हे काय म्हणून मी विचार करत बसले. मग आपोआप नाक पुढे करून पाहिलं, तेव्हा कळलं. बाळाचं नाक तिथे येतं. आईच्या अंगाचा वास लागावा म्हणून झबल्याचा गळा कापावा तसा कापलाय. ज्याने हे बेतलं त्याला बेतायचं कळत होतं.

मग मी टोपी ओली करून अंगठ्यावर बसवली. कड हाताला चिकटली. वरचा उंचवटा मात्र अंगठ्याभोवती मोकळा. टोकाला वाटाणा मावेल एवढी जागा. दुसऱ्या हाताच्या बोटांनी मी तो ओढून पाहिला. वारा भरला, अंगठा जागचा हलला नाही.

झोळ.

कपड्यातला झोळ मला रस्त्याच्या पलीकडून दिसतो. चार दिवस माझ्या पुढ्यात होता.

सून केस पुसत आली. मी म्हटलं, "आता पाजशील तेव्हा मला बघू दे."

"आता काय राहिलंय बघायचं?" असं म्हणून तिने बटणाला घेतलं. मी चष्मा लावून जवळ बसले. तेच होतं. टोपीत बोंड एका कोपऱ्यात, बाकी पोकळी. उंचवटा एवढा की बटणाच्या टाळूला टेकून तिला उमासा येत होता. ती वारा ओढत होती, दूध तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मी उठले. मशीनपाशी गेले, पाय ठेवला, चालवली नाही. परत आले.

"टोपी मोठी आहे," मी म्हटलं.

"बाईंनी मोजून दिलीय."

"तिने लहान लिहिली होती. मी मोठी घेतली."

सुनेने बाळाला खांद्यावर घेतलं.

"का?"

"वाढतं अंग म्हणून."

"कुणाचं? माझं?"

मी चष्मा काढला.

"चार दिवस मी स्वतःला दोष देतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही समोर बसून काजं करताय."

"हो."

"डबी कुठाय?"

"टाकली."

"फोन करा बाईंना. तुम्ही करा. मी नाही सांगणार."

मशीनवर बसलेल्या बाईला कुणी असा हुकूम सोडलेला मला आठवत नाही. मी फोन केला. मास्तरीण हसली नाही, ओरडली नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाली, "आत्ता या. पाजताना मला बघायचंय."

दवाखान्यात तिने नव्या, लहान टोपीसाठी पुन्हा ती पट्टी लावली. मी मान पुढे काढून पाहत होते. "टोकाशी मोजत नाही का?" मी विचारलं.

"मुळाशी. तिथे जेवढी जाडी, तेवढ्याच्या जवळपास. पाजून पाजून आकार बदलतो, म्हणून मधूनमधून परत बघायचं. आणि टोपी आईला बसली तरी बाळाच्या तोंडात मावली पाहिजे. दोन मापं."

दोन मापं. इतक्या वर्षांत मी एकाच कपड्यासाठी दोन अंगांची मापं कधी घेतली नव्हती.

आधी बटणाला काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला. मग सुनेने मास्तरणीच्या कप्प्यातली लहान टोपी बसवली. मास्तरणीने दोन थेंब दूध टोपीच्या टोकात पिळायला सांगितलं, बाळाला चव लागावी म्हणून. बटणाने तोंड उघडलं, या वेळी मोठं, आणि धरलं. उमासा आला नाही. जरा वेळाने आवाज बदलला. चुटूकचुटूक जाऊन गुटुक, थांबणं, गुटुक. टोपीच्या टोकात पांढरं दिसत होतं, उतरत होतं, भरत होतं. सून श्वास धरून बसली होती. मीही.

पाजून झाल्यावर तेच कपडे, तोच काटा. अडतीस ग्रॅम जास्त.

"एका वेळचं," मास्तरीण म्हणाली. "चांगलं आहे. आजच्या आज सगळं सुरळीत होणार नाही. थोडं पंपाचं चालू ठेवा. पण आता जातंय पोटात."

सून रडली नाही. आकड्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "बघितलंत ना? दूध माझंच आहे."

"बघितलं," मी म्हटलं.

शनिवारी वजन थोडं चढलं, पुढच्या शनिवारी चांगलं. वरचं दूध लागलं नाही. हल्ली मास्तरीण सांगते, पाजता पाजता मधेच टोपी काढून बघा, घेतलं तर घेतलं. परवा बटण टोपीशिवाय तीनचार मिनिटं लागून राहिली. मग चिडली. टोपी परत लावली.

"कधी सुटेल ही टोपी?" मी विचारलं.

"सुटेल तेव्हा," सून म्हणाली. "आई, जरा मागे सरका. तुम्ही इतक्या जवळ आलात की ती पिणं सोडून तुमच्याकडे बघते."

मी खुर्ची मागे घेतली. तिथूनही सगळं दिसत होतं.