शांगच्या बायकोचे वाघ

चीनच्या हेनान प्रांतातल्या त्या गावात गव्हाची पेरणी आटोपली की घरोघर कागद पसरायचे आणि माणसं वाघ काढायला बसायची. पुरुष आकार घालायचे, लेकीसुना वाघाच्या अंगावरचे केस रेखायच्या. पण शांग बाओशानच्या वाघाची गोष्टच निराळी. तो पंज्याजवळच्या रानशेवंतीकडे बघत असे, आणि घाम फुटे तो चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला.

ते वाघ शांगचे नव्हतेच. दारूनं त्याचे हात कापायला लागले तेव्हापासून दाराला कडी घालून त्याची बायको ग्वेलान चित्रं काढायची. खाली त्याचं नावही तीच घालायची. तांबडा शिक्का तेवढा तो मारायचा. शेवंती ही तिची हौस. "वाघ आहे की बकरी? फुलं कसली चारतेस त्याला?" असं तो पहिल्यांदा खेकसला होता. गिऱ्हाइकं खूश झाली तसा गप्प बसला.

वसंतात शांग गेला. परलोकातल्या खर्चासाठी त्याच्या नावानं कागदी नोटा जाळून झाल्या आणि चित्रांचा दलाल होउ दारात हजर.

"वहिनी, शांगमास्तरांचं एखादं चित्र शिल्लक असेल तर बघा. आता नवं काही व्हायचं नाही."

"होईल की," ग्वेलान म्हणाली. "इतकी वर्षं मीच काढत होते."

होउ हसला. तिचा मुलगा लेई चहा ओतत होता, तो मात्र हसला नाही. ग्वेलाननं कागद अंथरला, कुंचला भिजवला आणि दोघांसमोर काढायला बसली. आधी डोळे, मग कपाळ, मग पाठीची ती लांब, सैल रेघ. चहा निवून गेला. शेवटी तिनं फिक्या शाईत शेवंती टेकवली.

होउ कितीतरी वेळ वाकून बघत होता. "वहिनी, काय हुबेहूब नक्कल केलीत हो! शेजारी बसून बसून हात बसला की!"

"ही नक्कल नाही."

"बरं, नसू दे. खाली नाव कुणाचं घालू? मेलेल्याचं घातलं तर मी आत जाईन. तुमचं घातलं तर बाईचा वाघ दिवाणखान्यात लावणार कोण? बायकांनी मांजरं काढावीत."

ग्वेलाननं मुलाकडे पाहिलं. लेई म्हणाला, "होउकाका, मनावर घेऊ नका. आई अजून सावरली नाही."

होउ गेल्यावर ती म्हणाली, "अरे, तूच शाई उगाळून द्यायचास मला!"

"द्यायचो. विसरलो नाही मी. पण जिल्ह्याच्या कलादालनात बाबांच्या नावाची खोली उघडतेय. माझ्या दुकानावर त्यांचा फोटो आहे. आता सांगत फिरू, की माझा बाप बेवडा होता आणि आम्ही लोकांना फसवलं?"

"सांग की."

"तुझं काय जातंय आई? मला पोरं आहेत."

त्यानं बापाचा शिक्का खिशात घातला. शाई वाळल्यावर वाघाची गुंडाळी करून तीही नेली. ती आडवी आली नाही. एकुलता एक पोर, भांडणार कुणाशी?

दालन उघडलं तेव्हा मास्तरांची विधवा म्हणून तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मधल्या भिंतीवर तोच वाघ होता, कोपऱ्यात नुसता शिक्का. खाली लिहिलं होतं : मास्तरांचं अखेरचं चित्र. हात चालेना, म्हणून नाव घालायचं राहून गेलं. लोक हळहळत होते. शेजारची बाई तिचा हात दाबून म्हणाली, "भाग्यवान हो तुम्ही, असा नवरा मिळाला." ग्वेलाननं मान हलवली. दुसरं काय करणार?

पुढे होउनंच तिला काम दिलं. त्याच्याकडे यंत्रावर वाघ छापून निघत. वरून खऱ्या शाईच्या मिशा ओढल्या की हातची चित्रं म्हणून खपत. ग्वेलान पोरींच्या रांगेत बसून मिशा ओढू लागली. पोरी मालिकांच्या गप्पा मारायच्या आणि तिला म्हणायच्या, "मावशी, एवढं निरखून काय बघता? ओढा आणि पुढे सरकवा." तीही मग न बघता ओढायला शिकली.

घरी तिनं पुन्हा कुंचला धरला नाही. थंडी पडली तेव्हा उरलेला चांगला कागद सुनेनं खिडक्यांच्या फटी बुजवायला मागितला. ग्वेलाननं सगळा गठ्ठा काढून दिला.