बाहेरच्या डब्याची गोधडी

सटवाजींची लेक संध्या जर्मनीत बर्फात राहायची आणि तिच्या पोरीला माहेरच्या हट्टा गावची थंडी सोसायची नाही. तिकडं घरं आतून उबदार असतात म्हणे. उन्हाळ्यात या म्हटलं, तर घामोळं. लेकीचं येणं असं दोन ऋतूंच्या मधे अडकून पडलं होतं आणि नात सटवाजींच्या बायकोनं, कमलबाईंनी, अजून फोनच्या काचेतच पाहिली होती.

"आमच्याकडं हीट पंप आहे," असं संध्या एकदा बोलून गेली. सटवाजींनी महिन्याभरात तसाच माडीवरच्या खोलीला बसवून घेतला. आता लेकीकडं सबब म्हणून उरणार नव्हती.

"हे ऊब तयार करत न्हाई," ते कमलबाईंना समजावत. "बाहेरची उचलून आत आणतंय. नुसती हमाली. म्हणून हीटरपेक्षा वीज कमी खातंय. अन् उन्हाळ्यात आतली गरमी बाहेर नेऊन टाकतंय."

"बाहेर तर मी कुडकुडून राहिले. ऊब हाय कुठं?"

"तुला न्हाई सापडत. त्याला सापडती."

"मग तुमच्यापेक्षा शहाणं हाय."

डिसेंबरात खोली रोज तापवून बघितली जाई. रिकामा पलंग छान उबदार होई. एका सकाळी मात्र खोली गारच राहिली. सटवाजींनी रिमोट दाबला, थोपटला, शेवटी संध्याला व्हिडिओ कॉल लावला.

"अप्पा, मशीनचा बाहेरचा डबा दाखवा."

फोन खिडकीबाहेर गेला. डब्यावर गोधडी होती, चारी कोपरे सुतळीनं बांधलेली.

"आई, हे काय?"

"गार वारा फेकून राहिलं होतं. म्हटलं, थंडी वाजत असंल बिचाऱ्याला," कमलबाई गंभीरपणे म्हणाल्या. "तू यायच्या टायमाला आजारी पडलं तर?"

"अगं, वारा कोंडला तर ते ऊब कुठून आणणार?" संध्या हसत सुटली आणि मधेच थांबली. "तो हिरवा तुकडा... माझा परकर का?"

"व्हय. शेजारी तुझा फ्रॉक. तुझ्या लेकरासाठी शिवली होती. मशीन आलं, आता गोधडी कोणाला लागती."

संध्या काचेजवळ येऊन तुकडे न्याहाळत राहिली. सटवाजींना वाटलं, रेंज गेली.

"धुऊन ठेव," संध्या म्हणाली.

गोधडी निघाली, डबा घुरघुरला, खोली तापली. आता लेक येणार, मशीननं काम केलं, असं सटवाजी पारावर सांगत राहिले.

कधी येणार, हे कमलबाईंनी विचारलं नव्हतं. गोधडी त्यांनी त्याच दिवशी धुतली, वाळवली, घडी करून पलंगावर ठेवली. आठवडाभरानं, धूळ बसली असंल म्हणत, पुन्हा भिजवली.