सावलीत वाढलेली पानवेल

मी एक जुनी पानवेल आहे, आणि मला ऊन सोसत नाही. मित्रांनो, यात लाजण्यासारखं काय आहे? आमच्या सोनाळा गावच्या उन्हात दगड तडकतात. तिथे वर्षानुवर्षं हिरवं राहून दाखवायचं, तर सावली हवीच.

महाराष्ट्र राज्य झालं, त्या वर्षी शालिग्रामने मला लावलं. आधी त्याने शेवरीच्या झाडांच्या रांगा वाढवल्या आणि मग त्यांच्या बुडाशी माझं कांडं रोवलं. पाटाचं पाणी, शेणखत, वर गार सावली! मी शेवरीच्या अंगाखांद्यावर चढत गेले. लग्नाच्या विड्यांना लोक माझीच पानं मागत, आणि मीही जरा तोऱ्यातच असे. मळ्यात चप्पल घालून कोणी येत नसे, एवढा माझा मान.

शालिग्रामची बायको कौशल्याबाई मात्र बांधापर्यंतच येई. बाईची सावली पडली की वेल जळते, असा त्या घरातला समज. मला कोणी विचारलंच नाही!

मग शालिग्राम तापाने गेला. पाट कोरडा पडला आणि मी मान टाकली. चैत्रात त्याचा थोरला भाऊ इंद्रभान कुऱ्हाड घेऊन आला. जन्मभर कपाशी पिकवलेला माणूस; सावली म्हणजे पिकाची वैरीण, एवढंच त्याला ठाऊक. इथेही कपाशीच पेरायची म्हणून त्याने मावळतीकडच्या शेवऱ्या धडाधड तोडल्या. दुपारचं ऊन थेट अंगावर आलं, माझी पानं करपू लागली. मला फार राग आला, पण वेलीला कुठे हात असतात?

तेवढ्यात कौशल्याबाईने बांधावर चपला काढल्या आणि ती सरळ आत आली. माझ्यावर पदराची सावली धरून उभी राहिली.

"भाऊजी, कुऱ्हाड खाली ठेवा. अन् चपला बाहेर काढा."

"येडी झाली काय वं? तुही सावली पडून राह्यली तिच्यावर! जयून जाईन ना वेल!"

"जयून तं ते उन्हानं राह्यली. माह्या सावलीनं काय होते, ते मले पाहू द्या."

इंद्रभान कुऱ्हाड खांद्यावर टाकून तणतणत निघून गेला. तोडलेल्या बाजूला तिने कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा आडोसा बांधला. पऱ्हाट्या इंद्रभानच्याच वावरातल्या! रोज घागरीने पाणी घातलं. गावाने नावं ठेवली, तिने ऐकून सोडून दिली. आषाढात माझ्या बुडातून कोंब फुटला.

दसऱ्याला इंद्रभान बांधावर आला. बराच वेळ घुटमळला, मग चपला काढून आत शिरला. "एक पान दे वं," एवढंच म्हणाला. तिने दिलं. त्याने मिटक्या मारत खाल्लं.

मित्रांनो, झाडाला काय हवं, ते त्याच्याजवळ बसून पाहा. आपल्या सवयीचं ऊन त्याच्या माथी मारू नका. आणि बाईच्या सावलीने वेल जळते असं कोणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. चपला मात्र बाहेर काढायला सांगा.