मेलेल्यांचीही मोजदाद

चंद्रकांताच्या हातात फोटो होता आणि पाय जमिनीवर नव्हते. जळगावच्या चंपालालशेठची ही लेक शेणावर पीएच.डी. करते म्हणून ओळखीच्या बायका नाकाला पदर लावायच्या. लावोत बापड्या! गोबरगॅसमधले मिथेन बनवणारे जंतू भिंगाखाली धड ओळखू येत नाहीत. ती शेणातून त्यांचा डीएनए काढायची, पीसीआर यंत्रात त्याच्या लाखो नकला करायची आणि त्या नकलांच्या फोटोत चमकणाऱ्या पट्टीच्या उजेडावरून जंतू किती, ते ताडायची.

पारोळ्याच्या मंजुळाबाईंचा गॅस पंधरा दिवस बंद होता, पण त्यांच्या खड्ड्यातल्या शेणाची पट्टी नशिराबादच्या चालू गॅसइतकीच लख्ख! म्हणून तर ती एस.टी.नं धावत आली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना होता आणि त्याआधीच बाईंचे यजमान अभिमनभाऊ खड्डा बुजवायला निघाले होते. तो बुजला की पुन्हा काटक्या, पुन्हा धूर. बाईंचे डोळे आधीच धुरानं अधू झालेले.

"अक्का, बुजवू नका. जंतू भरपूर आहेत."

मंजुळाबाईंनी फोटो उलटासुलटा पाहिला. "मंग पेटस का नही? ह्या जित्ता शेतस का मरेल?"

जंतू मेला तरी त्याचा डीएनए काही दिवस मागे राहतो आणि यंत्र त्याचीही नक्कल करतं. हे चंद्रकांतानं वाचलं होतं, पण आनंदाच्या भरात साफ विसरली होती. तिला स्वतःची लाज वाटली. पण लगेच डोक्यात दुसरा किडा वळवळला: मेले कशानं?

ती वास घेत गोठाभर फिरली. फिनेल! गोचिडांसाठी बाईंनी गोठा धुतला होता आणि ते पाणी थेट खड्ड्यात गेलं होतं.

"मंग मीच मारं का त्यास्ले?" मंजुळाबाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "दूधले इरजन दुसराना घरनं चालस. याले चालाव नही का?"

दुसऱ्याचं विरजण चालेल का? चंद्रकांतालाही तेच पाहायचं होतं. अभिमनभाऊंनी कुरकुरत खड्डा उपसला, ताजं शेण भरलं आणि नशिराबादच्या चालू गॅसमधला शेणकाला टेम्पोनं पिंपं भरून आणला. "आखाजीपर्यंत वाट देखसू, मंग बुजी टाकसू," त्यांनी बजावलं.

बाविसाव्या दिवशी शेगडी भकभकली आणि निळी ज्योत धरून राहिली. मंजुळाबाईंनी वर काहीच ठेवलं नाही. अभिमनभाऊंनी चहा मागितला.

"थांबा," त्या म्हणाल्या, "आधी माले देखू द्या."

जन्मात पहिल्यांदा बायकोनं थांबवलं होतं. अभिमनभाऊ शेजारी बसले आणि तेही पाहू लागले.