हंगाम संपल्यावर या

थांबा, दचकू नका! आज मला कुणी आपटलेलं नाही. मी आपणहून बोलतोय.

मी न्यायाधीशाच्या टेबलावरचा लाकडी ठोकळा. वीतभर लांब, काळपट, कडा झिजलेल्या. चीनच्या दक्षिणेकडे लिनशी नावाचा तालुका आहे. बादशहाच्या राज्यात तिथल्या कचेरीत माझं आयुष्य गेलं.

एका म्हाताऱ्या सुतारानं बोरीच्या जुन्या खोडातून मला काढलं. "ह्यात गाठ नको," तो बायकोला म्हणाला होता. "गाठीचं लाकूड बद्द वाजतं. साहेबांनी आपटलं की चोराच्या काळजात धस्स झालं पाहिजे."

चोराच्या! बिचाऱ्या सुताराला काय ठाऊक, माझ्या आवाजानं चोर फारसे दचकत नाहीत ते. ते आधीच कारकुनाला भेटून आलेले असतात.

आमच्याकडे तालुक्याला साहेब एकच. चोर पकडायचे त्यानं, साक्षी काढायच्या त्यानं, शिक्षा सुनवायची त्यानं आणि बादशहाचा शेतसारा गोळा करायचाही त्यानंच. सकाळी न्याय, दुपारी वसुली. खुर्ची तीच, ठोकळाही तोच. लोक त्याला 'मायबाप' म्हणत. माय आणि बाप एकाच माणसात कोंबले, की लेकरांनी गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला. मला विचारतो कोण!

पुष्कळ साहेब आले नि गेले. त्यातले पेई साहेब मला विसरता येत नाहीत. ते लबाड नव्हते, लाच खात नव्हते, रोज पहाटे उठून कायद्याची पोथी वाचत. म्हणून तर माझा संताप जास्त.

त्या वर्षी लावणीच्या दिवसांत न्ये नावाची एक विधवा कचेरीत आली. सोबत तिचा धाकटा भाऊ ताओशंग. विधवेची फिर्याद पुरुषानं मांडायची, असा तिथला नियम. फिर्यादी घेणारा कारकून थान माझ्यासमोरच्या ओट्यावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता.

"मावशी, दाराची पाटी दिसली नाही का?"

"दिसली. वाचता येत नाही."

"मग ऐक. हंगाम चालू आहे. चौथ्या महिन्यापासून सातवा संपेपर्यंत जमिनीच्या, पाण्याच्या फिर्यादी बंद. शेतकऱ्याचा वेळ कचेरीत वाया जाऊ नये, म्हणून मायबापांनी ही सोय केली आहे. हंगाम संपल्यावर या."

"अहो, वरच्या अंगाच्या खुआंगनं बांध घालून माझं पाणी अडवलंय! वाफ्यात रोपं सुकताहेत. हंगामात पाणी नाही मागायचं, तर काय थंडीत मागू?"

"खून आहे? दरोडा आहे? त्याला बंदी नाही. नसेल तर घरी जा."

खुआंगचं नाव ऐकून थाननं बिया फोडणं क्षणभर थांबवलं, हे मी पाहिलं. दरवर्षी साऱ्याचं धान्य खुआंगकडून सगळ्यांच्या आधी कोठारात पोचत असे. वसुली वेळेवर झाली नाही, तर साहेबाची नोकरी जायची. मग वसुली करणाऱ्या हातानं खुआंगचा बांध कसा फोडावा?

लिनशीत एक रीत होती. हंगामात दार उघडायचं तर रक्त दाखवायचं. कुणाचं कुंपण मोडलं की तो 'मला मारून टाकलं' म्हणत येई. सगळा तालुका हे जाणत होता, कचेरीही जाणत होती. पाटीनंच लोकांना खोटं बोलायला शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी दारात आरडाओरडा झाला. "खून! खून पडला असता हो! खुआंगच्या माणसांनी कुदळ घातली!" ताओशंगचं डोकं रक्तानं माखलेलं. तो कण्हतोय, त्याला धरून न्येबाई उभी. पेई साहेब टोपी सावरत धावत आले.

"कुणी मारलं? कुठे? साक्षीदार कोण?"

ताओशंग जोरात कण्हला. साहेबांनी मला उचललं आणि आपटलं. धाड!

त्या बाईनं असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. ती मटकन खाली बसली, कपाळ फरशीला टेकवलं आणि खरं बोलून गेली. "मायबाप, ते कोंबडीचं रक्त आहे!"

दालनात हशा पिकला. पहारेकरी हसले, थान हसला.

"अक्के," ताओशंग हळूच म्हणाला, "जीभ अजून घटकाभर आवरली असतीस तर!"

"कोंबडी खोटी, मायबाप, पण बांध खरा आहे! कुणाला तरी पाठवून बघा. पाण्याविना दोन दिवसांत रोपं जातील. चार बिघ्यांवर आम्ही दोघं जगतो. दुसरं काही नाही आम्हाला."

कचेरीपासून तिचं शेत घोड्यावरून तासाभराच्या वाटेवर होतं. एक माणूस पाठवला असता, तरी पुरलं असतं. पेई साहेबांची बोटं माझ्यावर होती. हुकूम लिहायला ती दौतीकडे सरकली. वाटलं, आता पाठवतील.

"खोटी फिर्याद," ते म्हणाले. "वीस फटके. पाण्याचं हंगामानंतर बघू."

आणि मला आपटलं.

बाईच्या वतीनं जो पुरुष उभा राहतो, फटके त्याला. ताओशंगला बांबूनं झोडलं. "मला मारा, बोलले मी!" असं न्येबाई ओरडत राहिली. तिला शांत करायला मला पुन्हा आपटलं. कायद्याच्या पोथीतलं एक अक्षरही त्या दिवशी मोडलं गेलं नाही. हेच मला सहन होत नाही!

आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी दाराची पाटी उतरली. सुनावणी झाली. आता माणूस गेला, बांध पाहून आला. खुआंगलाही बोलावलं होतं. साहेबांनी स्वच्छ निकाल दिला. पाणी न्येबाईच्या हक्काचं, बांध आजच्या आज फोडावा.

"आज्ञा, मायबाप," खुआंग लवून म्हणाला. त्याचं भात कधीच पोसवून कापणीला आलं होतं. आता पाणी हवं होतं कुणाला?

न्येबाई उभीच राहिली.

"वाक ना, मावशी!" थान म्हणाला. "आभार मान. जिंकलीस तू!"

"काय जिंकले, थानसाहेब? माझ्या वाफ्यात आता बदकंसुद्धा उतरत नाहीत." मग ती पेई साहेबांकडे वळली. "पाणी खुआंगशेटनाच राहू द्या, मायबाप. मी त्यात भिजवू काय?"

उत्तर सुचलं नाही की साहेब मला आपटत. तसंच केलं. त्या हिवाळ्यात बहीणभाऊ गाव सोडून गेले. शेत खुआंगनं घेतलं. पाणी आपसूक त्याचंच झालं.

आता बादशहा नाही, कचेरी नाही. जुन्या वस्तूंच्या दालनात काचेच्या पेटीत मी पडून आहे. शेजारी पाटी लावली आहे, 'ह्या ठोकळ्याच्या साक्षीने असंख्य लोकांना न्याय मिळाला.' त्या असंख्यांत न्येबाई मोजलेली आहे. तिचा खटला जिंकलेल्यांच्या बाजूला आहे! लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात, हसतात, पुढे जातात.

मला फोडा, जाळा, तक्रार नाही. पण ती पाटी काढा हो! आणि तुमच्या गावच्या कोर्टात कुणी खटला जिंकला असं ऐकलंत, तर निकाल काय लागला एवढं विचारून घरी जाऊ नका. कधी लागला ते विचारा. आणि तोवर जिंकणाऱ्याच्या शेतात काय उरलं होतं, ते जाऊन बघा.