वासाने केलेली चहाडी

मी मार होरानच्या, म्हणजे संत होरानच्या, अस्थींचा करंडा बोलतोय. नाईलकाठच्या आमच्या गावात मला कुणी करंडा म्हणत नाही. "आमचा होरान" म्हणून कुशीत घेतात. मी आपला लाकडाचा, लांबट, गोल, लाल मखमलीत गुंडाळलेला. मान आतल्याचा, लाड मात्र माझे!

आतला होरान साधा ख्रिस्ती नावाडी होता. रोमच्या बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायला त्याने नकार दिला, म्हणून त्याची मान उतरवली. तेव्हापासून गाव दर सणाला मखमल काढून माझ्या अंगाला अत्तर आणि सुवासिक पूड चोळतं. थरावर थर चढून मी चांगलाच गुबगुबीत झालोय.

पूड कुटायचा वदीअ, चोळायचाही तोच. वर दम भरायचा, "होरानदादा, यंदा खजूर गळाला तर तुला लसूण चोळीन!"

यंदा मात्र वदीअने अंथरूण धरलं. पूड त्याने उशाशी घेऊन कुटली. एकदा, शेवटचं, आपल्या हाताने मला चोळायचं, एवढाच ध्यास. त्याची बायको तफीदा आमच्या धर्मगुरूंकडे, अबूना बिसेंतींकडे गेली.

"करंडा चर्चबाहेर जात नाही, तफीदा. त्यालाच इकडे आण."

"कसं आणू, अबूना? कूस बदलली तरी जीव जातो त्यांचा."

"मी प्रार्थना करतो."

"करा. मीही बघते काय करायचं ते."

सणाच्या दिवशी भर दुपारी तिने मला शालीखाली तान्ह्या बाळासारखं दडवलं आणि मागच्या दाराने सटकली. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? गल्लीभर माझा वास सुटला. शेजारीण मरताची पिठाच्या हातांनीच धावत आली.

"अगं बायांनो, होरान आला!"

"ओरडू नका गं, चोरून आणलाय!" तफीदा रडकुंडीला आली.

"मग नीट तरी चोर! असं उपडं धरतात का?"

वदीअच्या दाराशी पोचेपर्यंत मागे मिरवणूकच झाली. शेवटी धापा टाकत अबूनाही आले. त्यांना पाहून वदीअचे पुडीतले हात थबकले.

अबूनांनी वाकून स्वतः माझी मखमल सोडली. "चोळ बाबा. पण आटप, नाहीतर संध्याकाळी चर्चमध्ये मी काय याच्याऐवजी तुझी खाट मिरवू?"

वदीअ हसला. त्याचे हात इतके थरथरत होते की पूड पसरेना, एकाच जागी बसली. मग त्याने माझ्यावर गाल टेकला. "होरानदादा, नावाडी आहेस ना? मला पलीकडे तूच ने."

खजूर उतरायच्या आत तो गेला.

आता पूड तफीदा कुटते. चोळताना एका जागेवर तळहात ठेवते आणि बराच वेळ उचलत नाही. तुम्ही कधी आलात तर मला खुशाल कुशीत घ्या. माझ्या पोटापाशी थोडं खडबडीत लागेल, ते घासून गुळगुळीत करू नका. तिथे वदीअचा हात आहे.